प्रश्नचिन्हाखाली माझा फोटो

आमच्या थोरल्या साडूंनी मला फसवलं. हे मी शेवगावात चारचौघांत सांगतो, कोल्हारला त्यांच्या दारात उभं राहून सांगितलेलं आहे, आणि आता लिहूनही ठेवतो. मी त्यांच्याकडे कोणाला कळणार नाही असं चित्र मागितलं होतं आणि त्यांनी सगळ्यांना कळेल असं चित्र दिलं. बाजारात मी गहू मागितला आणि दुकानदारानं बाजरी मोजली तर त्याच्या गल्ल्यासमोर मी असा उभा राहीन की संध्याकाळपर्यंत दुसरं गिऱ्हाईक आत शिरणार नाही. साडूंच्या बाबतीत ते करता येत नाही, कारण त्यांची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण आहे आणि त्या दोघींचा फोन रोज दुपारची भांडी झाली की होतो. इतका निरुपद्रवी दिसणारा आणि इतकं नुकसान करणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा नसेल.

माझा धंदा जुन्या मशिनांचा. सायकलचं पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली, मग भंगार, मग भंगारातून चालू होणारं मशीन कोणतं हे ओळखायची नजर आली आणि त्या नजरेवर मी गोदाम बांधलं. भाव करायला मला कोणी शिकवलं नाही. अलीकडे मागणी आहे ती लाकडावर कोरीव काम करणाऱ्या मशिनांना. नवीन बंगला बांधणाऱ्या प्रत्येकाला दरवाजावर मोर पाहिजे, देवघराला जाळी पाहिजे, आणि ती हातानं कोरायला माणूस राहिलेला नाही. अशा मशीनच्या पोटात एक संगणक असतो आणि त्या संगणकात एक फाइल. कोणतं बटण दाबलं की कोणती मोटर फिरणार, पातं धरून सरकणारा गाडा टोकाला गेला की त्याला कोण थांबवणार, हे सगळं त्या फाइलीत ओळीखाली ओळ लिहिलेलं असतं. इंग्रजी अक्षरं, टिंबं, आकडे. मी ती एकदा उघडून बघितली तर गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्यासारखं दिसलं. ती फाइल विकणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाही कळत नाही, आणि म्हणून व्यवहार सुरळीत होतात. निदान साडू त्यात पडेपर्यंत होत होते.

साडूंची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वीज खात्यात झाली, आणि त्यांचे वडील होते कालव्यावर पाटकरी. कोणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे बघणारा माणूस. त्यामुळे साडूंचं बालपण शेतात पाणी नेणाऱ्या चारीच्या कडेकडेनं गेलं आणि जगातली प्रत्येक वस्तू कुठून तरी कुठे तरी वाहत असते अशी त्यांची पक्की समजूत झाली. वीज वाहते, निरोप वाहतो, माणसाचा रागसुद्धा वाहतो, फक्त त्याची चारी सापडली पाहिजे. निवृत्त झाल्यावर लोक शेती बघतात, पतसंस्थेच्या निवडणुकीला उभे राहतात. साडूंनी मोबाईलवर बघून बघून संगणकाचं शिक्षण घेतलं आणि मशीनची फाइल आत घातली की तिचं रेघांचं चित्र बाहेर पडेल असा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. पण त्या प्रोग्रॅमनं काढलेल्या रेघा त्यांना कधी पसंत पडल्या नाहीत. "हुशार आहे, पण घाई करतो," असं ते त्याच्याबद्दल शेजारच्या पोराबद्दल बोलावं तसं बोलत आणि सगळं पुन्हा हातानं मांडत. गाडा कुठे आहे ते सांगणारी रेघ निळी. चालू कर म्हणणारी हिरवी. थांब म्हणणारी लाल. बटणाच्या जागी बटणाचं चित्र, मोटरीच्या जागी मोटरीचं. एक रेघ दुसरीवरून गेली तर तिथे छोटी कमान काढायची आणि तिला म्हणायचं मोरी. दोन रेघा मोरीशिवाय एकमेकींना छेदताना दिसल्या तर त्यांना रात्री झोप लागत नाही, असं त्यांची बायको म्हणजे आमची आक्का सांगते.

आणखी एक. ते फाइल वरून खाली वाचतच नाहीत. सुरुवात शेवटाकडून. पाणी पोचलं की नाही ते धरणावर उभं राहून कळत नाही, टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेतात जाऊन चिखल बघावा लागतो, हे त्यांच्या वडिलांचं सांगणं. म्हणून साडू आधी मोटरीपाशी जाऊन बसतात आणि तिला विचारतात, तुला कोण सोडतं? मग त्या सोडणाऱ्याला विचारतात, तुला कोण? असं करत करत बटणापर्यंत येतात. एखादी रेघ मधेच कोरडी पडली, किंवा फाइल काही सांगत असली पण ती तार डोळ्यांनी बघितलेली नसली, तर तिथे ते प्रश्नचिन्ह काढतात. बघून खात्री झाली की प्रश्नचिन्ह खोडून कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहितात, "समक्ष पाहिलं", आणि खाली सही. ती सही मिळेपर्यंत चित्र घराबाहेर पडलं तरी ते त्याला कच्चंच म्हणतात.

कोल्हारच्या त्यांच्या घरात पाव्हण्यानं चुकीचा पंखा लावून दाखवावा. प्रत्येक बटणापासून भिंतीवर पेन्सिलीची रेघ निघते आणि छतापर्यंत जाऊन बरोबर आपापल्या दिव्यापाशी किंवा पंख्यापाशी थांबते. एका दिवाळीला आक्कानं चिडून सगळ्या भिंती रंगवून घेतल्या. साडू अंगणात खुर्ची टाकून रंग वाळायची वाट बघत बसले, हातात पेन्सिल.

माणसांचीही ते अशीच चित्रं काढतात. आमच्या मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नात बायकोचे मामा रुसून मांडवाबाहेर टेम्पोत जाऊन बसले. टॉवेल-टोपी न मिळाल्याचा राग. जेवणं थांबली, विहीण कावरीबावरी झाली, जो तो मामांना समजावायला जाऊन नवं काहीतरी ऐकून परत येत होता. साडूंनी जेवणाची एक कागदी प्लेट उलटी केली, खिशातला पेन काढला आणि टेम्पोत मामांच्या शेजारी जाऊन बसले. तुम्हाला कोणी सांगितलं टोपी नाही म्हणून? मग त्या माणसाकडे. तुम्हाला कोणी? पाच माणसं झाली, प्लेटवर पाच चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या लाल रेघा झाल्या, आणि सगळ्या रेघा फिरून फिरून सोफ्यावर बसलेल्या माझ्यापाशी येऊन थांबल्या. मी सकाळी चहा पिताना मामांना टोपी नाही अशी गंमत केली होती. साडूंनी प्लेट माझ्यापुढे धरली आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तुमच्यावर कोणी आहे का, का इथंच धरण?" सगळा मांडव हसला. मामा हसले, म्हणजे तर झालंच. त्याच प्लेटवर नंतर मामांना बुंदी वाढली.

त्यांना व्यवहारात नेणं म्हणजे गळक्या पोहऱ्यानं पाणी शेंदणं. एकदा मोठ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे मशीन बघायला मी त्यांना बरोबर नेलं. मी रिवाजाप्रमाणे तोंड वाकडं केलं, पत्र्यावर बोटानं टकटक केलं, गंज दाखवला, आता हे भंगारात घालायचं तर टेम्पोचं भाडंसुद्धा निघणार नाही इथपर्यंत आलो, व्यापारी मऊ पडायला लागला, आणि साडू मशीनच्या मागून डोकं काढून म्हणाले, "नाही हो पाव्हणं, चांगलं आहे की. बेअरिंग तर नवीच आहेत." त्यानंतर तो व्यापारी माझ्याशी बोललाच नाही, साडूंशी बोलला. त्यांना चहाही दिला. मला अर्धा कप.

तेच मशीन शेवटी मी आणलं आणि त्याला गिऱ्हाईक लागलं पाथर्डीचं एक जोडपं. दोघांच्याही घरात ऊसतोड, पण नवऱ्यानं कोयता टाकून रंधा धरला आणि आता दोघांचं फर्निचरचं दुकान आहे. नवरा गोड स्वभावाचा, कशालाही मान हलवणारा. बाई तशी नव्हती. ती भाव ऐकून हसलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि असं बघणाऱ्या गिऱ्हाइकापुढे मलाही जपून बोलावं लागतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मशीनच्या मागे एक भलंमोठं चित्र लावावं. डॉक्टरनं वाचता येईल अशा अक्षरात चिठ्ठी लिहिली तर पेशंटचा विश्वास उडतो. न कळणाऱ्या गोष्टीला माणूस मान देतो आणि मानाला भाव असतो. मी साडूंना कोल्हारहून बोलावून घेतलं, मशीनमधली फाइल पेनड्राइव्हवर दिली, आणि म्हणालो, याचं असं चित्र काढा की बघणाऱ्याला घेरी आली पाहिजे. भरपूर रेघा. साडू म्हणाले, बघतो. आता मला सांगा, याला सौदा म्हणायचं की नाही?

चित्र मोठं छापायचं तर आमच्याकडे एकच मार्ग, तो म्हणजे फ्लेक्स. साडूंनी काढलेलं चित्र मी परस्पर फ्लेक्सवाल्याकडे पाठवलं. मी ते उघडून बघितलं नाही. न कळणारं चित्र मागवल्यावर ते बघायचं कशाला? फ्लेक्सवाल्याचा सगळा जन्म पुढाऱ्यांच्या वाढदिवसांत गेलेला. रेघांच्या जंजाळात त्याला एक जागा रिकामी दिसली आणि त्या जागेत एक बारकं प्रश्नचिन्ह. त्याला ते बरं वाटेना, म्हणून त्यानं ते हातभर मोठं केलं, त्याला सोनेरी किनार दिली आणि मागून किरणं सोडली. खाली सवयीप्रमाणे माझा हात जोडलेला फोटो टाकला आणि लिहिलं, शुभेच्छुक. ही गुंडाळी मशीन न्यायच्या दिवशी सकाळी आली, माणसांनी ती गोदामात बांधली, आणि मी हार-नारळ घेऊन आत आलो तेव्हा पहिल्यांदा ते दर्शन मला झालं.

मी म्हटलं, असू दे. शोभा आली.

पेढे वाटून झाले. शेजारचे दोन-चार दुकानदार आलेले, साडू एका स्टुलावर बसून फ्लेक्सवरच्या मोऱ्या मोजत होते. ती बाई फ्लेक्सपुढे जाऊन उभी राहिली. घेरी वगैरे काही आली नाही तिला. उजव्या टोकाला पात्याचं चित्र होतं, त्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे पातं ना, शेठ? कोरनारं?"

मी अभिमानानं हो म्हणालो.

तिचं बोट पात्यापासून मागे मागे निघालं आणि सोनेरी प्रश्नचिन्हावर येऊन थांबलं. मग ते वर गेलं, लाल बटणाच्या चित्रापाशी, आणि तिथून लाल रेघेवरून खाली उतरत एका फाट्यावर आलं. एक फाटा गाड्याकडे गेला होता. दुसरा पात्याकडे निघाला होता आणि वाटेतच संपला होता.

"तांबडं बटन दाबलं की गाडा थांबतो, ही रेघ तिकडं गेली," ती म्हणाली. "पन पात्याला कोन थांबवतं? पानी तर मधीच मुरलंय."

मी म्हणालो की बटण दाबलं की पातं आपोआप मंद होत होत थांबतं, सगळ्या मशिनांना तसंच असतं. मला त्या व्यापाऱ्यानं हेच सांगितलेलं होतं आणि मी ते खरं धरलं होतं, कारण चाचणी घेताना मी बटणामागोमाग भिंतीवरचा मेन स्विच पाडायचो. माझी जुनी सवय. मी साडूंकडे बघितलं. माझ्या नजरेत काय होतं ते कोणत्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. साडू उठून उभे राहिले आणि म्हणाले, फाइलीत तर पातं कायम चालू असं लिहिलंय, मागच्या कोणीतरी सोयीसाठी तसं करून ठेवलेलं दिसतं, पण मला नुसती फाइल मिळाली, तार मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. म्हणून प्रश्नचिन्ह.

"मग बघू की," बाई म्हणाली. तिनं नवऱ्याला बाजूला उभं केलं, माझ्या गोदामातल्या माणसाला मशीन सुरू करायला लावलं आणि लाल बटणावर तळहात मारला.

गाडा थांबला. पातं फिरत राहिलं. सगळे हातात पेढा धरून वाट बघत होते आणि ते आपलं गुणगुणत होतं, मंद होण्याचं नाव नाही. शेवटी मीच जाऊन मेन स्विच पाडला.

बाई चिडली नाही. तिनं नवऱ्याचा उजवा हात धरून वर केला. जुन्या करवतीनं त्याची दोन बोटं नेलेली होती, हे मी तोवर बघितलंच नव्हतं.

"ह्यांच्याकडं आठच राह्यल्यात, शेठ. ती मला लागत्यात."

नवऱ्यानं नेहमीप्रमाणे मान हलवली.

मला एकदम दोन राग आले. एक त्या व्यापाऱ्याचा, ज्यानं मला, म्हणजे मला, न थांबणारं पातं थांबतं म्हणून विकलं. पण तो होता लांब. दुसरा राग समोर उभा होता, खिशाला चार रंगांचे पेन लावून. मी साडूंना बाजूला घेऊन विचारलं की ही गोष्ट कानात सांगता येत नव्हती का, हातभर सोन्याचं प्रश्नचिन्ह लावून, खाली माझा फोटो टाकून सांगायची होती का. साडू म्हणाले, "पाव्हणं, मी नखाएवढं काढलं होतं. आणि चित्र मी तुम्हालाच दिलं होतं." मी फ्लेक्सवाल्याला फोन करून जे बोलायचं ते बोललो.

मग दुपारभर साडू मशीनच्या पेटीत डोकं घालून बसले. बटणापासून पात्यापर्यंत जी तार पाहिजे होती ती घातली, फाइलीत एक ओळ बदलली, एक वाढवली. नवरा बॅटरी धरून उभा होता. बाई तिथून हलली नाही. काम झाल्यावर साडू फ्लेक्सपाशी आले, खिशातून लाल मार्कर काढला, अर्धवट रेघ पात्यापर्यंत नेली, वाटेत निळी रेघ आडवी आली तिथे मोरी काढली, सोनेरी प्रश्नचिन्हावर काट मारली आणि खाली, बरोबर माझ्या कपाळाच्या वर, लिहिलं, "समक्ष पाहिलं". बाईनं पुन्हा बटण दाबलं. गाडा थांबला. पात्यानं एक हिसका दिला आणि तेही थांबलं. इतकं शांत झालं की बाहेर शेवगाव-पाथर्डी जीपवाला पॅसेंजर ओरडून बोलावत होता ते आत स्पष्ट ऐकू आलं.

बाईनं मशीन घेतलं. पण आधी फ्लेक्सकडे बोट करून म्हणाली, "रेघ अर्धी हुती, शेठ. मंग भाव पुरा कसा?" मी आयुष्यभर भाव केले, पण इतकं नेमकं मला कोणी बोललं नव्हतं. वर तिनं तो फ्लेक्सही मागून नेला. पाथर्डीत त्यांच्या दुकानात तो मशीनच्या मागे लावलेला आहे, माझ्या फोटोसकट.

त्या दिवसापासून माझ्या धंद्याची जी वाट लागायची ती लागली. गिऱ्हाईक मशीनला हात लावायच्या आधी विचारतं, चित्र कुठंय? आणि चित्र लावलं की खुर्ची ओढून त्यापुढे बसतं, बोट ठेवतं आणि शेवटाकडून सुरू करतं. गिऱ्हाइकं वाढली, हे खरं आहे. पाथर्डीहून येतात, बीडकडूनही येतात. पण तोंडानं बोलून भाव चढवायची जी मजा होती, ती गेली. भावाच्या ऐन रंगात आलो की कोणीतरी विचारतं, ही हिरवी रेघ कुठून आली? आणि आता मी स्वतः कुठे खरेदीला गेलो तर आधी फाइल मागतो, त्यावर व्यापाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. हे मात्र मी साडूंना सांगितलेलं नाही. त्यांच्याशी मी त्या दिवसानंतर एक महिना बोलत नव्हतो. त्यांना ते कळलंच नाही. ते दर आठवड्याला येत राहिले, चित्रं काढत राहिले आणि माझ्या गप्प बसण्यानं काम शांतपणे होतं असं आक्काला म्हणाले.

आणि एवढी सगळ्या मुलखाला सवय लावून हा माणूस बंगळूरला निघून गेला. लेक तिकडे नोकरीला, आक्काचे गुडघे जिना चढू देत नाहीत, तिथे लिफ्ट आहे. कारणं सगळी बरोबर आहेत. मी निघायच्या दिवशी कोल्हारला गेलो तर साडू भिंतीवरच्या रेघा पुसत होते. म्हटलं, राहू द्या की. म्हणाले, भाडेकरू येणार आहेत, त्यांना आवडायचं नाही. अर्ध्या पुसल्या आणि बसले.

आता मी इकडून फाइल पाठवतो आणि तिकडून चित्र येतं. सुरुवातीला एक-दोन प्रश्नचिन्हं असायची. आता चित्रभर असतात. फोन केला तर म्हणतात, "इथून काय दिसणार, पाव्हणं? फाइल म्हणते ते काढलंय." मग मी, ज्याला ती फाइल मुंग्यांसारखी दिसायची तो मी, बॅटरी घेऊन मशीनच्या पोटात शिरतो आणि एकेक तार धरून ओरडून सांगतो. ते विचारतात, हात लावून बघितली का? लावली. दुसरं टोक बघितलं का? बघितलं. मग पुसा. असं करत आम्ही दोघं टेलपासून वर येतो. परवा एका मशीनची सगळी प्रश्नचिन्हं अशी पुसून झाली. मी म्हणालो, आता कोपऱ्यात तुमची सही करा. तर म्हणाले, "मी कुठं पाहिलं? तुम्ही पाहिलंत, तुम्ही करा." मी नाही करणार. गिऱ्हाईक माझी सही बघायला येत नाही. शेवटी त्यांनी चित्र पाठवलं त्यात सहीच्या जागी, कोपऱ्यात, एक बारकं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. फ्लेक्सवाल्याला मी बजावून ठेवलं होतं, तरी त्यानं त्याला किनार दिलीच.

ते मशीन गोदामात उभं आहे. गिऱ्हाईक आलं, चित्र वाचलं, सगळ्या रेघा पटल्या, आणि कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणालं, साडू आले की बघू. म्हणून मी हे लिहिलं. आक्कानं ते साडूंना मोठ्यानं वाचून दाखवावं. माणूस न कळण्यात सुखी होता, त्याला कळायची सवय लावायची, त्याच्या हातात बॅटरी द्यायची आणि आपण जाऊन लिफ्टमध्ये बसायचं, याचा जाब कोण देणार? आणि तो फोनवर चालायचा नाही. शेवगावच्या स्टँडवर उतरून, चार पेन खिशाला लावून, मशीनपुढे उभं राहून द्यायचा. समक्ष.